शहर बसचा ड्रायव्हर व्हायचंय? रत्नागिरीत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी बसच्या स्टिअरिंगमागे काढली. त्यातली शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात गेली. आता घरी असतो, तरी फोन थांबत नाहीत. "काका, बसवर लागायचं तर काय करायचं?" निम्मे प्रश्न कागदपत्रांचे असतात आणि निम्मे भीतीचे. कागदपत्रांचे आधी उरकतो.

रत्नागिरीला शहर बस आहे तरी का? की सगळी मुंबईचीच गोष्ट?

आहे की. मुंबईला बेस्ट, ठाण्याला टीएमटी, नवी मुंबईला एनएमएमटी असे ज्याचे त्याचे उपक्रम आहेत. रत्नागिरीत शहर वाहतूक एसटीच चालवते. कोकणातल्या लहान गावांना बहुतेक ठिकाणी वेगळी शहर बस नसते. तिथे आगाराच्या जवळपासच्या फेऱ्याच ते काम करतात. त्यामुळे आमच्याकडच्या ड्रायव्हरला दोन्ही यावं लागतं. अर्धा तास बाजारात रिक्षांच्या मधून वाट काढायची, आणि पुढचा अर्धा तास एका बाजूला गडगा (दगडी कुंपण), दुसऱ्या बाजूला गटार अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्या डंपरला साइड द्यायची.

वय किती लागतं? लायसन्स कुठलं?

प्रवासी बस हे कायद्याच्या भाषेत परिवहन वाहन, म्हणजे ट्रान्सपोर्ट. त्यासाठी वय किमान २० वर्षं पूर्ण लागतं. अठराव्या वर्षी थेट बसचं लायसन्स मिळत नाही. आधी हलक्या मोटारीचं लायसन्स काढायचं, ते किमान एक वर्ष जुनं झालं की ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते काढल्यापासून ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर करायचा. चाचणी रत्नागिरीकरांची एमएच-०८ च्या परिवहन कार्यालयात (आरटीओत), सिंधुदुर्गवाल्यांची एमएच-०७ ला, आणि रायगडातल्या बहुतेकांची पेणला एमएच-०६ मध्ये.

सोबत दोन कागद लागतात. एक डॉक्टरांचा नमुना १-अ, दुसरा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं, मग नूतनीकरण. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपलेल्या लायसन्सवर ड्युटीला आलेला माणूस मी पाहिलाय, आणि त्याला परत घरी जाताना पण पाहिलंय.

शिक्षणाची अट काय?

ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला पूर्वी आठवी पास लागायची, ती अट २०१९ मध्ये केंद्राने काढली. नोकरीची अट मात्र वेगळी. एसटीच्या भरतीत दहावी पास मागतात. शिवाय उंची मोजतात: २०१९ च्या भरतीत पुरुषांना किमान १६० सेंटिमीटर आणि महिलांना १५३ होती. पुढच्या जाहिरातीत काय असेल ते जाहिरातीतच बघायचं, माझ्याकडून नाही.

बॅज म्हणजे काय?

पैसे घेऊन माणसं नेणारी गाडी चालवायची तर लायसन्ससोबत परिवहन कार्यालयाकडून वेगळी परवानगी लागते. तिचा बिल्ला म्हणजे बॅज. 'चालक तथा वाहक' या पदाला अर्ज करणार असाल तर कंडक्टरचं लायसन्स आणि त्याचा बॅजही लागतो. पोरं हा दुसरा कागद विसरतात, आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या दारात येतात.

चष्मा आहे. चालेल?

लायसन्सला चालतो. चष्मा लावून का होईना, पण भरदिवसा २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. डॉक्टर लाल-हिरवा रंग ओळखता येतो का बघतात, रातांधळेपणा विचारतात, कान तपासतात. मुळात जी अडचण असेल ती लपवू नका. रात्री पावसात समोरून एलईडी दिव्यांची गाडी आली की डोळे आपोआप खरं बोलतात.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किती दिवस जातात?

नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्टच्या गाडीसाठी किमान ३० दिवस, आणि त्यात किमान १५ तास तुमच्या हातात स्टिअरिंग. सरकारमान्य नव्या पद्धतीच्या प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा आहे. तुम्ही वहीत स्वतःचे तास लिहा. चार दिवस मैदानात गोल गोल फिरवून नमुना ५ हातात ठेवणारे असतात. असं लायसन्स मिळतं, बस येत नाही.

मी सहा वर्षं चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा) डंपर चालवलाय. मला आणखी काय शिकायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. खरंय, तुम्हाला मोठी गाडी येते, घाट येतो, एअर ब्रेक येतो. पण चिरा उभा राहत नाही. चिऱ्याला गुडघे नसतात, त्याच्या कडेवर पोर नसतं.

आमच्या प्रशिक्षकांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांनी मला पहिला आठवडा सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदराच्या बाजूला गाडी न्यायला लावली. तिथे कोळणी पाट्या घेऊन चढायच्या. आप्पा म्हणाले, "पाटीतलं पाणी जमिनीवर सांडलं की तू नापास." मी हसलो. दुसऱ्याच स्टॉपवर एक मावशी मागून ओरडली, "अरे डायवर, मासळी मेलीय ती, तिला परत कशाला मारतोस?" अख्खी गाडी हसली. मी त्या दिवशी पाचदा नापास झालो.

डंपरवाल्याचा पाय ब्रेकवर एकदम पडतो, कारण मागचं वजन तक्रार करत नाही. बसमध्ये ब्रेक तीन टप्प्यांत लावायचा. आधी ॲक्सिलरेटर सोडून गाडीला स्वतःची स्वतः मंद होऊ द्यायची. मग हलका ब्रेक, आणि स्टॉपच्या अगदी आधी ब्रेकचा दाब थोडा कमी करायचा. हा शेवटचा भाग कोणी शिकवत नाही. गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी दाब तसाच राहिला की सगळी माणसं पुढे झुकून मागे आपटतात. दाब सैल केला की गाडी टेकल्यासारखी थांबते. निघतानाही तेच: क्लच हळू सोडायचा, आणि शेवटचा माणूस दारातून आत आला, त्याने काहीतरी धरलं, हे आरशात दिसल्यावरच. लांब पल्ल्याच्या गाडीत हे तासातून दोनदा करावं लागतं. शहर फेरीत दर दोन-तीन मिनिटांनी. हात-पाय त्याच कामाने दुखतात.

पहिल्या दिवशी गाडी चालवायला देतात का?

बहुतेक नाही. पहिला दिवस गाडीभोवती फिरण्यात जातो. टायर, नटबोल्ट, डिझेल, पाणी, ऑइल, वायपर, दिवे, दार, आणीबाणीचं दार, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी. मग इंजिन सुरू करून हवा भरायची वाट बघायची. एअर ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब पुरेसा होईपर्यंत गाडी हलवायची नाही. काट्याकडे बघा आणि बझर बंद होऊ द्या. सकाळी सहाच्या फेरीला उशीर झाला म्हणून हवा भरायच्या आत गाडी काढणारा ड्रायव्हर आगाराच्या गेटपर्यंत पोचेल, त्यापुढचं सांगता येत नाही.

वळण घेताना बस अंगावर येते असं वाटतं. का?

कारण चपट्या तोंडाच्या बसमध्ये तुम्ही पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेले असता. मोटारीत चाकं तुमच्या पुढे असतात, म्हणून कोपरा दिसला की स्टिअरिंग फिरवायची सवय लागलेली असते. बसमध्ये तसं केलं की मागचं चाक फुटपाथवर चढतं. तुमचं शरीर कोपऱ्याच्या पुढे जाऊ द्यायचं, समोरच्याच्या अंगणात घुसतोय असं वाटू द्यायचं, आणि मग फिरवायचं. पहिले पंधरा दिवस मन हे ऐकत नाही.

दुसरी गंमत मागच्या टोकाची. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा मोठा भाग लोंबत असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की तो डावीकडे झुलतो. मी शिकाऊ असताना एका अरुंद पाखाडीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडावर अशीच गाडी वळवली. पुढचं तोंड अगदी छान निघालं. मागून 'कर्रर्र' आवाज आला. एका घराच्या चिऱ्यांच्या गडग्याचे वरचे तीन चिरे खाली. घरातून एक आजोबा आले, चिरे बघितले, गाडी बघितली आणि म्हणाले, "नवीन दिसतोस." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग चिरे उचलून ठेव." कंडक्टरने आणि मी ठेवले. त्यानंतर वळताना डावा आरसा बघायला मी कधी विसरलो नाही.

रिव्हर्स?

कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय आणि त्याची शिट्टी ऐकल्याशिवाय एक इंचही नाही. कॅमेरा असला तरी.

शहर बसला घाटाचं शिक्षण कशाला?

रत्नागिरी सपाट आहे असं ज्याला वाटतं त्याने मारुती मंदिराच्या सड्यावरून (पठारावरून) खाली बाजारात एकदा भरलेली गाडी उतरवून बघावी. आरे-वारेच्या रस्त्यावर तर समुद्र बघायला प्रवासी खिडकीत जमतात, आणि ड्रायव्हरने मात्र समुद्राकडे बघायचं नसतं. शिवाय आज शहर फेरी, उद्या ड्युटी कोल्हापूरची लागली की आंबा घाट समोर. चिपळूण आगारात असाल तर कुंभार्ली, कणकवलीला असाल तर फोंडा.

नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनाने धरायची, ब्रेकने नाही. ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण घाट उतरलं की ड्रम तापतात, लायनिंग जळल्याचा वास येतो आणि मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) असेल तर तो वापरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस तुम्हाला कुणी 'एक्सपर्ट' म्हणून दाखवला तर त्याच्या गाडीत बसू नका.

चढावर थांबवून पुन्हा उचलणं हे परिवहन कार्यालयाच्या चाचणीतही असतं. गाडी मागे घरंगळली की पोरं तिथेच नापास होतात. हँडब्रेक, हाफ क्लच, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडायचा. आवाज ऐकायला शिका, काट्याकडे बघू नका.

पावसाचं वेगळं काही शिकवतात का?

कागदावर थोडंच, पण खरं शिक्षण जूनमध्ये होतं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सगळ्यात फसवा दिवस पहिल्या सरीचा. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल, रबराची भुकटी आणि चिऱ्याची लाल धूळ रस्त्यावर साठलेली असते. तिच्यावर पाऊस पडला की साबण होतो. दोन दिवस धो-धो पडल्यावर रस्ता उलट बरा लागतो. बंदराच्या बाजूला वर्षभर आणखी एक भानगड: मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी. ते दिसत नाही, वास येतो. वास आला की वेग कमी.

पाण्यातून गाडी काढली की पुढे दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून ड्रम सुकवून घ्यायचे. काचेवर आतून धुकं धरतं, त्यासाठी सुती फडकं जवळ ठेवायचं. वायपर बिघडला तर जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळायचे, पाणी ओघळून जातं. तुम्ही तंबाखूऐवजी वायपर दुरुस्त करून घ्या.

आणि पुलावर पाणी आलं की थांबायचं. चाकं किती बुडतील याचा अंदाज करायचा नाही, 'समोरची जीप गेली' हेही कारण नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्या ड्रायव्हरांना काही कळायला वावच नव्हता. ज्याला पाणी समोर दिसतंय त्याला मात्र आहे. प्रवासी ओरडतील, "आमचं काम आहे", "रोज जाते गाडी". ओरडू द्या. आगाराला फोन करा, गाडी उंचावर लावा आणि चहा प्या.

घंटीची भाषा काय असते?

एक घंटी: थांब. दोन घंट्या: चल. दोन घंट्या मिळाल्या तरी आरसा बघून मगच. दारावर लटकलेला कॉलेजचा पोरगा कंडक्टरला दिसत नाही, तुम्हाला दिसतो. कंडक्टरशी भांडण झालं असेल तर ते फेरी संपल्यावर रहाटाघरच्या स्टँडवर उतरून करा. दिवसभर बोलणं बंद ठेवून चालवलेली गाडी मी चालवलीय, घंटीसुद्धा रागाने वाजते.

मुलींना येता येईल का?

येता येईल आणि येतातही. २०१९ च्या भरतीत महिलांना हलक्या वाहनाच्या लायसन्सवर अर्ज करता आला आणि अवजड गाडीचं प्रशिक्षण महामंडळाने दिलं. २०२३ पासून एसटीत महिला चालक प्रत्यक्ष गाड्या चालवतात. ताकदीचा प्रश्न पॉवर स्टिअरिंगने केव्हाच सोडवलाय. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत सगळ्यात मऊ ब्रेक एका मुलीचा होता. तिला घरून विरोध होता तो ड्रायव्हिंगला नव्हे, मुक्कामाच्या ड्युटीला. तो खरा प्रश्न आहे. ज्या गावी गाडी वस्तीला जाते तिथे झोपायची आणि संडासाची सोय काय, हे रुजू होण्याआधी विचारा. पुरुषांनीही विचारायला हरकत नाही.

ड्युटी किती तासांची?

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं होतं. प्रत्यक्षात गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात तास वाढतात. मुंबईहून चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटतात, दुसऱ्या विभागांचे ड्रायव्हरही कोकणात येतात. त्यांना आमची वळणं माहीत नसतात. अशा वेळी समोरून येणाऱ्या गाडीला थोडी जास्त जागा द्या. तुमच्या घरी गणपती बसलाय आणि तुम्ही दुसऱ्यांना त्यांच्या गणपतीला पोचवताय, याची सवय करून घ्यावी लागते. मला पूर्ण सवय कधी झाली नाही.

एखादा पेग घेतला तर?

कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बसच्या ड्रायव्हरने ती शून्य धरायची. रात्री उशिरा प्यायलेली दारू पहाटेच्या ड्युटीलाही यंत्रात दिसते, "काल घेतली होती साहेब" म्हणून ती जात नाही.

दहा लिटरला किती, असं सारखं का विचारतात?

कारण डिझेल हा मोठा खर्च. आगारात दर ड्रायव्हरचा हिशोब दहा लिटरला किती किलोमीटर असा काढतात. मजा अशी की मासळीच्या पाटीची परीक्षा पास होणाऱ्याचं डिझेलही कमीच जळतं. लांबून सिग्नल किंवा स्टॉप दिसला की ॲक्सिलरेटर सोडणारा माणूस दोन्हीकडे वाचतो.

इलेक्ट्रिक बस आल्यावर हे सगळं फुकट जाणार?

क्लच-गिअर जाईल. बाकी राहील. ॲक्सिलरेटर सोडला की ती गाडी स्वतःच बऱ्यापैकी अडते आणि तीच वीज बॅटरीत परत जाते. नव्या हाताला त्याचा झटका बसतो, म्हणून पाय आणखी हळू उचलावा लागतो. आवाज नसल्यामुळे रस्त्यावरचा माणूस वळून बघत नाही. बाजारातून जाताना हे ध्यानात ठेवा.

एकजण म्हणतो, दोन लाख दिले की ऑर्डर हातात. देऊ का?

नाही. जाहिरात अधिकृत संकेतस्थळावर येते, अर्ज तुमच्या नावाने होतो, स्टिअरिंग चाचणीत तुम्हीच धरता. ते दोन लाख कोणत्या कामाचे, हे त्याला विचारा.

पहिल्या एकट्या ड्युटीला सोबत काय न्यायचं?

लायसन्स, बॅज, सुती फडकं, टॉर्च, पाण्याची बाटली, पावसाळ्यात कोरड्या कपड्यांचा जोड. चप्पल नाही, बूट घाला. ओली चप्पल ब्रेकखाली सरकते. डबा बॉनेटवर ठेवला की दुपारपर्यंत गरम राहतो. फक्त त्यात सोलकढी देऊ नका म्हणावं घरी, तापली की फाटते.